खंडेनवमीचं धनुष्य

माझी मुलगी शिकार करते, हे मी टेक्ससमधल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळींना पहिली दोन वर्षं सांगितलंच नव्हतं. शाळेत जीवशास्त्र शिकवते, एवढंच सांगायचो. आमच्या घरात साधं अंडं उकडायचं तरी बायको वेगळं भांडं काढते, आणि ही पोरगी धनुष्यबाण घेऊन हरणामागे निघालेली! "तिला काही बोलू नकोस, आपोआप बंद होईल," बायको म्हणाली. झालं उलटंच. तिच्या नादात मीच ओढला गेलो, आणि त्याला कारण झालं नियमांचं पुस्तक.

मी जन्म काढला क्वालिटी कंट्रोलमध्ये, आधी पिंपरीच्या एका कारखान्यात आणि मग इथे. नियम दिसला की तो वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिने टेबलावर ठेवलेली शिकारीची पुस्तिका मी सहज उघडली आणि जेवण गार होईपर्यंत वाचत बसलो. बाणाच्या पात्याला निदान दोन धारा हव्यात, विष चालत नाही, स्फोटक चालत नाही. बाणाला स्फोटक कोण लावतं, देव जाणे. मी माझा व्हर्नियर कॅलिपर काढला आणि तिची सगळी पाती एकेक करून मोजली. एक बोथट निघालं, ते रिजेक्ट केलं. "बाबा, यू आर लव्हिंग धिस," ती हसून म्हणाली. मी नाही म्हटलं, पण खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

तिची शिकारीची जागा इथून पश्चिमेला तीन तासांवर, तिच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षकाच्या रानात. तिकडे हरणं फार थोडी. त्यामुळे म्हाताऱ्याचे स्वतःचे नियम सरकारपेक्षा कडक: वर्षाला एकच शिकारी, एकच शनिवार-रविवार, एकच शिंगवाला नर, आणि पंचवीस पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही. लांबून मारलेलं हरीण जखमी होऊन पळतं, मग ते ना रानाचं राहतं ना कोणाच्या ताटात येतं, असं त्याचं म्हणणं. तीन वर्षं थांबून यंदा तिचा नंबर लागला होता. ही संधी गेली की पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि या वेळी तिने मला विचारलं, येतोस का? मी शर्ट बदलायलाच उठलो, जायला महिना होता तरी.

तिने बजावून ठेवलं होतं की हरणाचं नाक भयंकर तिखट असतं. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या डब्यात. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही. मी सगळं काटेकोर पाळलं. आदल्या दोन दिवसांत घरात लसणाची फोडणीसुद्धा होऊ दिली नाही.

निघायच्या आधी तिने धनुष्याची पेटी आमच्याकडे आणून ठेवली, त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. कारखान्यात या दिवशी आम्ही लेथला झेंडूची माळ घालायचो, पाना-हातोड्यांना हळदकुंकू वाहायचो. अमेरिकेत आल्यापासून मी दर वर्षी कॅलिपरची पूजा करतो. आता घरात खरंखुरं शस्त्र असताना नुसत्या कॅलिपरची कसली पूजा? ती शाळेत गेल्यावर मी पेटी उघडली, धनुष्याच्या मुठीच्या वर कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, कापूर ओवाळला आणि शेजारी चंदनाची उदबत्ती लावली. ती पुरती जळल्यावर पेटी नीट बंद केली. मन कसं प्रसन्न झालं. तुम्हाला पटणार नाही, पण हाही वासच आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वास म्हणजे लसणाचा. उदबत्तीचा तो सुवास.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही रानातल्या कापडी आडोशात बसलो. तिने पेटी उघडली आणि त्या आडोशाचं देवघर झालं. तिने धनुष्य नाकाशी नेलं. मग कुजबुजली, "बाबा, तू माझ्या धनुष्याची पूजा केलीस?"

"खंडेनवमी होती ना," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला काय करून बसलो ते कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली नाही, तेच जास्त लागलं. बाहेर जाऊन तिने सीडरच्या झाडाचा उग्र वासाचा पाला आणि ओली माती घेऊन धनुष्य घासून काढलं, पेटी लांब गाडीत ठेवून आली आणि पुन्हा बसली.

शनिवार कोरडा गेला. रविवारी कोवळं ऊन पडल्यावर झाडीतून एक नर बाहेर आला. तीन वर्षांची वाट पाहणं आमच्यासमोर चरत होतं. चाळीस पावलं. पस्तीस. तिने दोरी ओढून धरली. तिला तो मिळावा आणि तो मरूही नये, असं दोन्ही मी एकदमच देवाकडे मागत होतो. तीस. तेवढ्यात वारा फिरला. नराने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि फुसकारून दिसेनासा झाला. तिने दोरी हळूहळू सैल केली.

"माझ्यामुळे गेला," मी म्हटलं.

"मेबी," ती म्हणाली. तिने डोळे पुसले. "घामाचा वासही असेल. तुझा नाहीतर माझा."

दुपारपर्यंत दुसरं काही आलं नाही. गाडीपाशी सामान आवरताना काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी फडकं घेऊन धनुष्य पुसायला बसलो. सगळीकडे वाळलेली माती, पाल्याचे हिरवे डाग, तिने एक इंच सोडला नव्हता. फक्त मुठीच्या वरचं ते कुंकवाचं बोट जसंच्या तसं होतं, आणि त्याच्याभोवती बोटाएवढी जागा स्वच्छ.

"हे घासायचं राहिलं की तुझं," असं म्हणून मी फडकं पुढे नेलं.

तिने माझा हात धरला. "नको पुसू, बाबा. ते मी ठेवलंय."