इटलीच्या गुंडाच्या पंगतीला

साऱ्या परभणी जिल्ह्यात इटलीच्या गुंडाला जेवताना सोबत करणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझा मामा. मामा देवगाव फाट्याच्या बाजूला मेंढरं राखायचे. एकट्यानं जेवणं हे त्यांच्या लेखी चोरीएवढं वाईट. मामी गेल्यापासून तर भाकरीचं गाठोडं घेऊन ते जेवणारा माणूस हुडकत हिंडायचे. फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्या अनोळखी प्रवाशानं डबा उघडायचा अवकाश, मामा समोर मांडी घालून हजर. गाठोड्याची गाठ मात्र अशी कचकचून मारलेली, की दातानं सोडवावी लागे. तोवर त्या बिचाऱ्यानं घास हातात धरून थांबायचं.

मी परभणीला बी.ए. करत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, म्हणून मामा मुद्दाम खोलीवर यायचे. नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद होतं, तेव्हा मी त्यांना टॉकीजला सकाळच्या खेळाला नेलं. पिक्चर इटलीचा, गुंडांचा. भलत्याच आशेनं आलेलं पब्लिक अर्ध्यातून शिव्या देत उठून गेलं, कारण पडद्यावर नुसतं धुकं, ओले रिकामे रस्ते आणि कुणाशी न बोलणारा, काळ्या कोटातला एक माणूस. दोन खून करून तो हॉटेलात आला आणि भल्यामोठ्या टेबलावर एकटाच जेवायला बसला. माझ्या शेजारी गाठ सोडायची खटपट सुरू झाली.

"मामा, काय करायलात?"

"तो जेवायलाय की एकटाच. बरं दिसतं का?"

ठेच्याचा वास पार पहिल्या रांगेपर्यंत गेला. डोअरकीपर बॅटरी मारत आला. "ओ मामा, हे टॉकीज हाय, धर्मशाळा न्हाई."

"मग आधी त्याला उठव," मामा पडद्याकडं बोट करून म्हणाले.

पिक्चर होता तोवर मामा माझ्या खोलीवर मुक्काम ठोकून रोज गेले. गोळीबार सुरू झाला की डुलकी काढायची, जेवण आलं की जागं व्हायचं. "भावकीनं वाळीत टाकलेला दिसतोय," हा त्यांचा निकाल. "बंदूक हाय, मोटार हाय, पण जेव म्हणणारं माणूस न्हाई." पिक्चर उतरला तेव्हा त्यांनी डोअरकीपरला विचारलं, "आता कुठं चाललाय हा?"

"नांदेडला."

मामांनी नांदेडच्या एस.टी.ची वेळ विचारून घेतली.

पुढं मला लांब कोकणात नोकरी लागली. सगळ्यांनी पगार विचारला. मामांनी विचारलं, "तिथं जेवायला संगं कोन?"

"कोनी न्हाई."

"किती वाजता जेवशील?"

"एकला."

आई सांगायची, त्यानंतर एकची एस.टी. फाट्यावर दिसली की मामा असतील तिथं गाठोडं घेऊन बसायचे. कुणी काही बोलायला लागलं की म्हणायचे, "गप बसा जरा, भाचा जेवायलाय."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. एक वाजता मी डबा उघडतो, पण पहिला घास जरा थांबून घेतो. त्यांची गाठ सुटायला वेळ लागतो.