तीनदा चाळलेली माती

१९९६ साली भागीरथीबाई सुरतच्या गोडादऱ्यात बालवाडी चालवीत होत्या. धुळ्याकडचे शेत सोडून त्यांना चौदा वर्षे झाली होती. वस्तीतली मुले मात्र कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटातच जन्मलेली. भाकर कुठून येते असे विचारले, तर किराणावाल्याचे नाव सांगत. प्लेगच्या साथीला दोन वर्षे होत आली, तरी आयांची धास्ती ओसरली नव्हती. मातीत हात घातला, की पाठीत धपाटा!

अशात वस्तीचे पुढारी धुडकूभाऊ यांनी कडिया म्हणजे गवंडी बोलावून बालवाडीच्या अंगणात फरशी घालायचे ठरवले. भागीरथीबाईंनी मुलांसाठी कुंपणालगतची हातभर पट्टी उघडी ठेवा म्हटले.

"वहिनी, आठ दिनमा काही उगाडी दखाड," भाऊ हसून म्हणाले, "नही ते रविवारले कडिया फरशी ठोकी दी!"

आयांनी नाक मुरडू नये म्हणून भागीरथीबाईंनी अंगणातली माती पिठाच्या चाळणीने तीनदा चाळली. कुजका पाला, मुळ्या, गांडुळे, सारे कोपऱ्यात लोटले. मुलांनी पत्र्याच्या डब्यांत गहू पेरले. पाच वर्षांच्या चैतालीला डबा पुरला नाही. तिने रुसून आपले दाणे कोपऱ्यातल्या ढिगात खुपसले.

पाणी पडून सुकताच डब्यांतली माती खाखऱ्यासारखी कडक झाली. शनिवार उजाडला, तरी एक कोंब नाही. भागीरथीबाईंचे तोंड उतरले.

तेवढ्यात चैताली किंचाळली, "मावशी, जल्दी आवो! मारा ऊगी गया!"

ढिगातून हिरवी पाती वर आली होती. ती पाहून भागीरथीबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"अगं माय! स्वच्छतेच्या नादात मी मातीचं जेवणच फेकून दिलं की!"

मग मुलांनी तो ढीग उकरला, पाला हुंगला, गांडुळे मोजली. धुडकूभाऊ आले तेव्हा चैतालीने त्यांच्या तळहातावर एक गांडूळ ठेवले.

"भाऊ, हा चावत नाही. माती भुसभुशीत करतो."

"पगार किती घेतो?"

"काहीच नाही. रजाही नाही."

"मंग हाऊ ते आमनाच मानूस शे!"

रविवारी भाऊंनी स्वतः चुन्याची रेघ मारली. फरशी कुंपणाच्या दोन हात अलीकडेच थांबली. भागीरथीबाईंकडे पाहून ते जरासे ओशाळून म्हणाले, "एक हात पोरेसना. दुसरामा मन्ही मेथी लावसू."