झाकलेली पाटी

मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उत्तनची एक मावशी सुकी मासळी घेऊन बसते. नाव मी कधी विचारलं नाही. विमानाचा आवाज आला की ती पाटीवर चटकन फडकं टाकते, आवाज गेला की काढते. मला वाटायचं, कावळ्यांसाठी असेल.

त्या आठवड्यात सीमेवर तोफा सुरू होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लढाईच्या काळातल्या पाककृतींच्या पुस्तकाची पिवळी पानं टाकली होती आणि बायका हौसेनं करून बघत होत्या. मी मावशीला विचारलं, "एकाहत्तरच्या लढाईत तुमच्याकडे काय करायचे?"

"सुका जवला धुवायचा. कांदा, मिरची, चिंचेचं पानी. चूल न्हाय पेटवायची."

"उजेड दिसू नये म्हणून?"

"उजेडाचं सोड, ताय. आय दिवसापन बोंबील भाजू देत नव्हती. म्हनायची, वास वर जातो, इमानाला गाव कलतं."

मी हसले. ती हसली नाही. तेवढ्यात वरून एक विमान गेलं. तिनं फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"इमानाला वास न्हाय येत, मला ठाव हाय," ती म्हणाली. "हातांना न्हाय ठाव."

संध्याकाळी मी तिचेच बोंबील तव्यावर टाकले. वास घरभर पसरला आणि लांबून घरघर ऐकू आली. रोजचंच विमान होतं. मी गॅस बंद केला आणि खिडकी लावून घेतली.