किसनसिंगच्या हातचं पाणी

चौथीत शाळा सुटली. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हा नाशिककडच्या एका फौजी इस्पितळात मला आयाची नोकरी मिळाली. वर्दी नव्हती, पण ऑर्डर होती. म्हणून ही फौजेचीच आठवण आहे. कोणाला पटत नसेल तर नसू दे.

पहाटे बेडपॅन, मग चहा, मग सर्जन मेजरसाहेबांचा राउंड. संध्याकाळी भेटीची वेळ. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात सर्जिकल वॉर्डात नाईक भंवरसिंग आला. लढाईतल्या तोफगोळ्याचा तुकडा पोटात राहिला होता, तो काढायचा होता. मेजरसाहेबांनी विचारले, "नशा?"

"नहीं साब."

त्याच्या हिशोबाने तो खरेच बोलला होता.

रोज संध्याकाळी त्याच्या युनिटचा हवालदार किसनसिंग यायचा. बाटलीतले गढूळ पाणी स्वतःच्या तळहातावर घ्यायचा आणि भंवरसिंग त्या हातातूनच प्यायचा. पावसाळ्यात रामकुंडाचे पाणी असेच गढूळ असते. पंचवटीतून तीर्थ आणतो, असे आम्ही धरून चाललो. एकदा मीही हात पुढे केला.

"आपके लिए नहीं है, मौसी."

मला राग आला. म्हटले, "तीर्थ काय तुम्हा राजपुतांपुरतंच आहे का?" तो नुसता हसला.

ऑपरेशन नीट झाले. त्यानंतर भंवरसिंगच्या भेटी बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तो बिघडला. इंजेक्शन देऊनही कळ थांबेना. घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी. पोट धरून अर्धाच श्वास घ्यायचा. वॉर्डाच्या सिस्टर कॅप्टन होत्या, कोल्हापूरकडच्या. त्या म्हणाल्या, "खाँसो, भंवरसिंग. कफ साचला तर न्यूमोनिया होईल. मरशील."

"खाँसूँगा तो पेट फटेगा, सिस्टर."

सिस्टरनी त्याच्या डोळ्यांतल्या फाकलेल्या बाहुल्या बघितल्या आणि मला विचारले, "मावशी, याला कोण काय देत होतं?" मी तीर्थाचे सांगितले.

"त्या हवालदाराला आणा."

किसनसिंग गेटबाहेरच बसून होता. पहाऱ्यावरचा संत्री म्हणाला, "पास?"

"पास घाल चुलीत. आत तुझा जवान मरतोय." मी किसनसिंगचे मनगट धरून त्याला आत नेले. संत्री बघत राहिला.

मेजरसाहेबांपुढे किसनसिंग सावधान उभा राहिला. "अफीम है, साब. लेकिन इसने कभी अपने हाथ से नहीं ली. हमारे यहाँ अपने हाथ से ले, वो अमली. दोस्त पिलाए तो मनुहार."

म्हणजे स्वतः घेतली तर व्यसन आणि दोस्ताने पाजली तर पाहुणचार.

"कब से?"

"गोला लगा तब से. रोज."

मेजरसाहेब भडकले. "अफूबाजाला मी आणखी मॉर्फिया देऊ? सोसू दे जरा."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "अफू नंतर सोडवू, सर. आज त्याचं पोट कापलेलं आहे. अंगाला सवय आहे, म्हणून नेहमीचा डोस पुरत नाही. दुखणं नाटकी नाही."

"आणि श्वास मंदावला तर?"

"मी बसते शेजारी."

मेजरसाहेबांनी केसपेपर पुढे ओढला. मग किसनसिंगकडे वळले. "रोज कितनी? ठीक ठीक बताओ, उसी हिसाब से दवा दूँगा. लेकिन पिलानेवाले का नाम ऊपर जाएगा. फीती जाएगी तुम्हारी."

"लिखिए, साब," किसनसिंग म्हणाला आणि माप सांगितले.

डोस वाढवला. सिस्टर उशाशी बसून त्याचे श्वास मोजत राहिल्या. संध्याकाळी भंवरसिंगने पोटावर उशी दाबली आणि खोकला. घाणेरडा, ओला खोकला. सिस्टर म्हणाल्या, "और एक." तो पुन्हा खोकला.

जखम भरल्यावर त्याचा डोस हळूहळू उतरवला. त्या दिवसांत त्याने आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या. मी मोजून परत केल्या. तो आपल्या पायांनी युनिटला गेला.

किसनसिंगची एक फीत गेली. हवालदाराचा नाईक झाला. पुढे ऐंशी सालानंतर एका बर्फातल्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि तो तिथेच राहिला. नाईकच होता.

भंवरसिंग त्याचे तर्पण करायला नाशिकला आला. मला घेऊन रामकुंडावर गेला. या वेळी हातातले पाणी खरोखर रामकुंडाचे होते. भटजींनी नाव विचारले.

"किसनसिंग," भंवरसिंग म्हणाला.

"हवालदार किसनसिंग," मी म्हणाले.

"इथे हुद्दा लागत नाही, बाई. गोत्र सांगा."

"लागतो. आधी तो म्हणा, मग गोत्र."

भटजींनी माझ्याकडे बघितले, मग भंवरसिंगकडे. तो सावधान उभा होता. भटजींनी हुद्द्यासकट नाव घेतले.