गाठीचा ठोकळा

तूदाने शेगडीवर चहाचं भांडं चढवलं, भाकरीचं पीठ झाकून ठेवलं आणि कोपऱ्यातलं सरपण पुन्हा एकदा पाहिलं. वाळकी पाच फाटी. मार्च संपत आला, जर्दाळूला कळ्या आल्या, म्हणून ॲटलसच्या डोंगरातल्या त्या सबंध गावाने वाळकं सरपण जाळून मोकळं केलं होतं. आणि मग तीन दिवसांत कंबरभर बर्फ पडला.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारचा बास्सू होता. एका पायात चप्पल, दुसरा उघडाच.

"मावशी, यत्तो बाळंत झाली. पहाटे. महिनाभर आधीच. पोरगी... पोरगी गार पडतेय, मावशी."

"शेगडी?"

"पेटवलीय. नुसता धूर."

पुढचं विचारायची गरज नव्हती. ह्याच बास्सूने पानगळीत तिला ऐकवलं होतं, "बाईमाणसाकडून लाकडं फोडून घेणारा मी नाही!" आणि काल स्वतः जाऊन ओकची ओली फांदी तोडून आणली होती. तूदाचा नवरा शहरात कामाला गेला तो गेलाच. तेव्हापासून एकतीस वर्षं ती गावाची लाकडं फोडत होती. त्याबद्दल कुणी जव द्यायचं, कुणी लोकर, कुणी नुसताच टोमणा.

तिने पाचही फाटी काखेत मारली आणि निघाली.

बास्सूच्या घरात धुराने डोळे उघडवत नव्हते. यत्तो भिंतीसारखी पांढरी पडली होती. तिच्या उघड्या छातीशी, घोंगड्यांखाली, मुठीएवढा चेहरा. ओठ निळसर. बास्सूची आई हद्दा, निम्म्या गावाची सुईण, नातीची पावलं तळहातात धरून त्यांवर फुंकर घालत होती.

"बर्फ काढणारी गाडी दुपारी पोचतेय, फोन आला होता. डॉक्टर तिच्यामागूनच येतोय. तोवर खोली तापलेली राहिली पाहिजे," हद्दा म्हणाली. "दार उघडलं तर थंडी, लावलं तर धूर. यत्तोचं रक्त थांबेना, तिला हलवताही येत नाही. काय करू गं तूदे?"

तूदाने चिमट्याने शेगडीतली फसफसणारी लाकडं ओढून बाहेर बर्फात फेकली. "हे सरपण म्हणायचं की भिजलेलं मेंढरू?" तिने आपली फाटी आत सारली. जाळ धरला. पण हा सारा तासाभराचा खेळ.

"दारच फोडून जाळतो मी," बास्सू म्हणाला.

"फोड! मग वारा काय तुझा बाप अडवणार?" हद्दा कडाडली.

तूदा उठून आपल्या घराकडे चालू लागली. बास्सू मागोमाग.

तिच्या वळचणीला ठोकळा होता. ह्याच्यावर ठेवून तिने गावाचं प्रत्येक लाकूड फोडलं होतं. एकतीस वर्षांत त्याला पावसाचा थेंब लागला नव्हता. त्याच्याइतकं वाळकं लाकूड गावात दुसरं नव्हतं. पण तो निवडलाच होता फुटू नये म्हणून. ओकच्या मुळाकडचा, चार गाठींचा, आतले तंतू वेणीसारखे पिळलेले. तरुणपणी ओढ्यातून एकटीने दोन दिवस ढकलत वर आणला होता.

पहिल्या घावाला कुऱ्हाड उसळून परत आली. दुसऱ्याला झिणझिण्या कोपरापर्यंत.

"द्या मावशी, मी मारतो."

"तू मधोमध मारशील. तिथेच तर गाठी आहेत. सरक."

ती कडेने गेली. भाकरीची कड मोडावी तशी एकेक ढलपी काढत फिरली. पण ढलप्या किती पुरणार? वर्षानुवर्षं घाव बसून एका बाजूला बारीक चीर पडली होती. तूदाने तिच्यात लोखंडी पाचर टेकवली, दोन्ही हातांनी धरली आणि घण बास्सूकडे सरकवला.

"मार. नजर पाचरीवर ठेव, माझ्या तोंडावर नको."

बास्सूने घण उचलून तसाच धरला. "चुकला तर तुमची बोटं—"

"मग चुकू नकोस."

घण बसला. काही नाही. पुन्हा बसला. पलीकडून हद्दाची हाक आली, "तूदे! शेवटचं फाटं घातलं गं!"

तिसऱ्या घावाला आतून काहीतरी करकरलं. हजारो लाकडांचा तो आवाज तिने ऐकला होता. ह्याचा कधीच नाही. ठोकळा उभा फाटला.

त्यानंतर थांबायला उसंत नव्हती. फोडायचं, पोचवायचं, पुन्हा फोडायचं. शेगडीचा पत्रा लाल झाला, धुराड्याची नळी घुमू लागली. हद्दाचा हात नातीच्या पाठीवर होता, आणि सगळे त्या हाताकडे पाहत होते.

मग त्या पोरीने पाय आखडून घेतला आणि टाहो फोडला.

"आजीवर गेली," तूदा म्हणाली. "भांडकुदळ."

"तुझ्या तोंडात साखर पडो," हद्दा म्हणाली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. ओढ्याच्या वळणावर गाडीची घरघर ऐकू येऊ लागली होती.

बास्सू उंबऱ्यावर तूदासमोर उभा राहिला. हातांना फोड आलेले. "मावशी, मेंढी न्या. दोन न्या. काय हवं ते मागा."

तूदाने समोर आपल्या वळचणीकडे पाहिलं. ठोकळ्याच्या जागी जमिनीवर गोल ठसा तेवढा उरला होता.

"बर्फ वितळला की एक ओंडका आणून दे," ती म्हणाली. "ओकचाच. मुळाकडचा, गाठाळ. माझ्या गुडघ्याएवढा."