वेणीची लाल रिबीन
आज लेकीची वेणी घालताना खोबरेलाचा वास आला आणि शहाद्याच्या शाळेतलं प्रदर्शन आठवलं. मी किल्ल्यावर दगड फेकणारं जुन्या काळचं लाकडी यंत्र केलं होतं, वर्गातल्या एकीनं काळ्या मातीचा किल्ला, माझ्या यंत्राच्या अगदी समोर. बक्षिसासाठी आमच्यात भलतीच चुरस. पाहुणे समोर आले आणि ऐनवेळी माझ्या यंत्राची दोरी तुटली. मी रडकुंडीला आले, तर तिनंच आपल्या वेणीची लाल रिबीन सोडून तिथं बांधली. “अवं, तुन्हाच किल्ला पडी ना!” मी म्हटलं. ती म्हणाली, “तुन्हा धोंडा आदळना नई, ते मन्हा बुरूज पक्का शे हाई लोकेसले कसं समजी?” धोंडा सुटला, बुरूज ढासळला. बक्षीस घेताना मी पाहिलं, तर सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती, एक वेणी सुटलेली. देवा, माझ्या लेकीलाही शत्रू असाच दे.