कॉफी भिजेपर्यंत

कॅफेतल्या सुजाताने यंत्र सुरू केलं, तरी कप रिकामाच. मला कामं भराभर उरकायची सवय.

"बंद पडलं का गं?"

"नाही हो काका. आधी थोडं पाणी हळूच सोडलंय. पूड भिजून फुगायला हवी. एकदम जोर लावला तर पाणी एखादी फट शोधून निसटतं. बाकीची पूड कोरडीच, आणि कॉफी पांचट."

"मग तोवर काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं."

माझी पत्नी मालती गेल्यापासून भेटेल तो पहिल्या वाक्यातच विचारतो, "जेवणाचं काय करता? मुलाकडे कधी जाणार? सावरलात ना?" माणसं मायेनेच विचारतात. मी मात्र "सगळं व्यवस्थित आहे" म्हणून निसटतो आणि घरी येऊन कुलूप उघडतो. कुणी आधी नुसतं शेजारी बसलं असतं, तर कदाचित बोललो असतो.

यंत्राचा आवाज चढला. दाट, तपकिरी धार कपात उतरू लागली. सुजाताने कप माझ्यापुढे ठेवला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती काही न विचारता तिथेच फडकं फिरवत राहिली.

"मालतीला कॉफीचा वासही चालायचा नाही," मी म्हणालो.